गार खोली

मंगळवार, मे १९८८

तीनदा साबण लावला, तरी हाताचा कोळंबीचा वास जात नाही.

कालपासून लाईट नाही. आमच्या जनरेटरवर एका वेळी एकच चालतं: कोल्ड स्टोरेज, नाहीतर कॉम्प्युटर नि त्याला लागणारा एसी. शेठ म्हणाले, "आधी कॉम्प्युटर. मुंबईला साठ्याचा रिपोर्ट जायचाय."

मग काय, देवघरात जावं तशा चपला बाहेर काढून त्या गार खोलीत रात्रभर आकडे भरत बसलो. मी तेव्हाच का बोललो नाही?

आज कोल्ड स्टोरेज उघडलं. सगळी कोळंबी नासलेली. आम्हीच टोपल्यांनी उपसून टाकली. तेवढ्यात मुंबईच्या साहेबांचा फोन आला, "रिपोर्ट मिळाला. माल भरपूर दिसतोय, उद्या ट्रक पाठवतो."

शेठ नुसते "हो साहेब" म्हणाले.

ही म्हणते, लिंबू चोळा. चोळलं. वास आहेच.