तुमच्या अक्षरातलं ते पान

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या पानावर तुम्ही पेन चालवलंत, तो धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, ते दिवस. अख्खा वर्ग विज्ञान प्रदर्शनाच्या मागे, जो तो पुठ्ठ्याचं वीजकेंद्र चिकटवतोय. इतिहासाच्या संशोधन-निबंध स्पर्धेला मी एकटीनं नाव दिलं, तेही खळ आणि पुठ्ठ्याचा कंटाळा म्हणून. तुम्हाला वाटलं, पोरीला इतिहासाची ओढ आहे. मी वाटू दिलं. किल्ल्यावर लिहिते म्हटलं तर डाफरलात, "किल्ल्यावर लिहिणारे ढिगानं आहेत. दारात येणाऱ्या माणसांना कधी काही विचारलंयस?"

आमच्या दारात मासवणकडची एक म्हातारी सरपणाची मोळी घेऊन यायची. तिला ओट्यावर बसवून चहा दिला, वही उघडली, वेठीबद्दल विचारलं. वेठ म्हणजे जमीनमालकाकडे फुकट राबणं, एवढंच मला ठाऊक. ती बोलायला लागते आणि माझा हात थांबतो. "भात चुलीवर होता, बाय. पोरां भुकेली. मालक सोता आला, चुलीत पानी ओतला न् बोलला, चल गवत कापाया. नाय कोन बोलनार?" मालकाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं आणि सहज म्हणाली, "तुज्या शालेतला इतिहासाचा मास्तर हाय ना, त्याचा बापूस." शाळेच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसणारे, माझ्या डोक्यावर हात ठेवून "शिका, मोठ्या व्हा" म्हणणारे तुमचे वडील!

निबंधात मी म्हातारीचं नाव-गाव सगळं लिहिलं आणि तुमच्या वडिलांच्या जागी 'एक जमीनदार'. वाटलं, तुम्ही मनातून खूश व्हाल. शिक्षकांच्या खोलीत तुम्ही वाचताय, मी दाराशी उभी. "हा कोण, मला माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "तिचं नाव उघड्यावर मांडलंस आणि माझ्या वडिलांचं झाकलंस? याला संशोधन म्हणतात?" मग स्वतःचं पेन काढून 'एक जमीनदार' खोडलंत आणि वर त्यांचं पूर्ण नाव लिहिलंत, तुमच्या त्या टपोऱ्या अक्षरात. असं कुणी करतं का, सर? स्वतःच्या बापाबद्दल? "जा, पोस्टात टाक," एवढंच म्हणालात.

पोस्टात टाकण्याआधी मी ते पान नव्यानं लिहून काढलं. पुन्हा 'एक जमीनदार'. तुम्ही मात्र त्याच संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना सांगितलंत, "निबंधात तुमचं नाव मी लिहिलंय, माझ्या हातानं." त्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं. हे मला आईकडून कळलं. जे नाव कुठे गेलंच नव्हतं, त्याच्यापायी तुम्ही बोईसरला एका खोलीत राहायला गेलात आणि शेवटपर्यंत तिथेच राहिलात. निकाल लागला, मला बक्षीस मिळालं. तुम्ही वर्गात पेढे वाटलेत, म्हणालात, "ही घाबरली नाही." मी पेढा खाल्ला.

तुमच्या अक्षरातलं ते पान माझ्याकडे आहे. हे पत्रही त्याच्याच घडीत घालून ठेवते, दुसरं कुठे टाकणार? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमचा मान राखायला नाव गाळलं. खोटं आहे ते. परीक्षक तुमच्या वडिलांच्या ओळखीचे निघाले तर, एवढंच मनात होतं. मला बक्षीस हवं होतं, सर.