वळणापर्यंत

सुभेदार, तुम्ही गेलात हे मी पाहिलेलं नाही, फोनवर ऐकलंय. मी तेव्हा इथं कच्छात सोलर प्लांटवर नवीन लागलो होतो, सुट्टी मिळाली नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली. आज इथल्या गेटवर मीच सुपरवायझर आहे. आठवी नापास माणसाच्या हाताखाली अकरा गार्ड, त्यातले दोन बी.ए. झालेले. तुम्ही पोट धरून हसला असता.

चाकणच्या कंपनीत तुम्ही आमचे सुपरवायझर होतात, फौजेतून रिटायर होऊन आलेले. मी बीडकडून आलेला, वर्षात तीन कंपन्या सोडलेला गार्ड. एका जागी पाय ठरत नाही म्हणून तुम्ही मला फिरती गस्त दिली. "भिंगरीच हायेस तू, तर निदान काय बघून तरी येत जा," म्हणालात. डबा खाताना तुम्ही ब्रिगेडच्या इंटेलिजन्समधलं सांगायचात, डोंगराचं नाव मात्र कधी काढलं नाहीत. एक टेकडी होती. तिच्यावर कुणी आहे का, असं तुमच्या साहेबांनी विचारलं. तुम्ही सांगितलं, धूर दिसला न्हाई. साहेब म्हणाले, म्हणजे रिकामी? तुम्ही म्हणालात, न्हाई साहेब, धूर दिसला न्हाई, एवढंच. साहेबांनी तुकडी लांबच्या वाटेनं पाठवली. "मग होतं का कुणी वर?" मी विचारलं. तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "आजपत्तूर म्हाईत न्हाई. पण पोरं परत आली की."

मला ती गोष्ट फुसकी वाटली होती. ना गोळी, ना बॉम्ब.

मग तो दिवस. कंत्राटी पोरांना कामावरून कमी केल्यावरून आठवडाभर वातावरण तापलेलं. माझ्या खोलीतला पार्टनरही त्यांच्यातलाच. दुपारी तीनला त्यांची पाच माणसं मॅनेजर साहेबांशी बोलायला येणार होती. साहेबांनी आधीच सांगून ठेवलेलं, जरा जरी गडबड दिसली तरी पोलीस बोलावणार आणि बोलणी बंद. दोन वाजता लांबून हलगी ऐकू येते. तुम्ही मला पिटाळता, "वळणापत्तूर जा, नीट बघून ये." मी धापा टाकत परत येतो आणि साहेबांसमोरच सांगून टाकतो, "कंत्राटी पोरं आहेत, दोनशे तरी असतील, काठ्या घेऊन गेटकडं निघालीत." साहेब फोन उचलतात. तुम्ही अजून माझ्याचकडं बघताय.

"काठ्या पाहिल्यास का ऐकल्यास?"

"पाहिल्या."

"तोंडं?"

"तोंडं नाही. टपरीवाला म्हणाला, कंत्राटी पोरं."

"डोक्याला काय व्हतं?"

"फेटे. पिवळे झालेले."

तुम्ही साहेबांकडं वळता. "साहेब, मला वाटतंय ही बैलगाड्याची मंडळी हायेत, घाटात शर्यतीला चालल्यात. पण हे नुसतं वाटणं झालं. धा मिनिटं द्या, बघून येतो."

साहेब फोन खाली ठेवत नाहीत, पण लावतही नाहीत. तुम्ही स्कूटर काढता. परत येता ते कपाळभर भंडारा लावून. पुढं हलगी, मागं बैल, त्यांच्या मागं अख्खं गाव. पाच पोरं तीनला आली, चहा झाला, बोलणी झाली. सगळे नाही, पण माझा पार्टनर कामावर राहिला. गेटवरचे बाकीचे गार्ड मला महिनाभर "काय भावा, आज किती काठ्या?" म्हणून छळत होते.

मी तुम्हाला विचारलं, साहेबांना सरळ का नाही सांगितलं, पोलीस बोलावू नका म्हणून? तुम्ही चिडलात. "आरं, ठरवायचं त्येंनी. आपण त्येंच्या पायाखालची जमीन दाखवायची. आपल्याच मनाचं दाखवलं की मानूस खड्ड्यात." मग खिशातली छोटी वही काढून तिच्या पानावर दोन उभ्या रेघा मारल्यात. पाहिलं, ऐकलं, वाटलं. वही मला दिलीत. ती भरली. आता तशाच रेघा मारलेली सातवी चालू आहे.

परवाच इथं केबल चोरीला गेली. इंजिनियर साहेब म्हणाले, मेंढपाळांवर केस करू. मी वही पुढं केली. पाहिलं, पिकअपच्या टायरचे माग. ऐकलं, मेंढपाळ. वाटलं, काही नाही. साहेबांनी दोनदा वाचलं आणि केस थांबवली. मेंढ्या पिकअप चालवत नाहीत, हे मी बोललो नाही. त्यांचं त्यांना कळलं. आता कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी ते मला बोलावतात. याचा मला माज आहे, खोटं कशाला बोलू.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, वहीतच राहील. पण एक गोष्ट पहिल्या रकान्यात लिहायची राहिली आहे. त्या दिवशी मी वळणापर्यंत गेलोच नाही. अलीकडच्या टपरीपाशीच भ्यालो, तिथूनच मागं फिरलो. तिथून आड येणाऱ्या भिंतीवरून फक्त काठ्या आणि फेटे दिसतात. वळणावर गेलं की बैल दिसतात. तुम्ही स्वतः तिथं जाऊन आलात, आणि तरी मला कधी विचारलं नाहीत, की तुला बैल कसे दिसले नाहीत.