डावीकडे न वळणारी गाडी

ती. दादा,

साष्टांग नमस्कार घालायला आता कंबर तयार होत नाही, तेव्हा खुर्चीत बसून केलेलाच गोड मानून घे. तुझे नवे गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना कठडा धरतोस की तिथेही हुशारी दाखवतोस? तुझ्या लेकीचा फोन होता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंशी तू रोज वाद घालतोस म्हणे. घालू नकोस. ज्याचं काम त्याला करू द्यावं. हे मी, चक्क मी, तुला सांगते आहे, यावरून काहीतरी घडलंय हे तू ओळखलंच असशील. (कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या की चूक कबूल करायची तर पहिल्या ओळीत करावी, म्हणजे पुढचं पत्र हलकं जातं. त्यांचं बाकी सगळं मी पाळलं, अक्षरसुद्धा. हे एक मात्र कधी जमलं नाही.)

तुझी गाडी सुखरूप आहे. म्हणजे माझ्या अंगणात आहे. तुझ्या वयाची माणसं नुसते गुडघे बदलतात. तू आधी गाडी पाच इंच उंच करून घेतलीस, मग तिच्यात चढता येईना म्हणून गुडघे बदलायला गेलास. मी स्वयंपाकघरातलं स्टूल लावून चढते. दर रविवारी सुरू कर, दोन फेऱ्या मार, बाकी कशाला हात लावू नकोस, असं तू कागदावर लिहून फ्रिजला चिकटवून गेलास. दादा, हात मी लावलाच नाही. जे केलं ते सगळं तोंडाने केलं.

तिसऱ्या रविवारी स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या कासवाला बोलावलं. (आपला गॅरेजवाला. हे नाव त्याला सातवीत मीच दिलं, फळ्यावरची आकृती तो तास संपेपर्यंत उतरवत बसायचा म्हणून. आता अख्खी गल्ली त्याला याच नावाने हाक मारते, आणि हेही मला या महिन्यात पहिल्यांदाच टोचलं.) तो गाडीखाली सरकला, मला चाक डावी-उजवीकडे फिरवायला लावलं आणि वर येऊन म्हणाला की जॉइंट गेलेत. गाडी उंच केल्यापासून स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारी दांडी छपरासारखी उतरती झाली आहे आणि तिच्या टोकांच्या जॉइंटची मान कायम मुरगळलेली राहते. उतार सोसतील असे जाड, कुठेही मान वळवणाऱ्या उघड्या गोळीचे जॉइंट घालावेत, पण त्यासाठी चाकाजवळच्या लोखंडी हातातलं निमुळतं भोक मोठं आणि सरळ करावं लागेल. एकदा केलं की जुना जॉइंट तिथे परत बसायचा नाही, तेव्हा दादांना विचारू या, असं तो दोनदा म्हणाला. तुला त्याच दिवशी सकाळी भूल दिली होती. मी म्हटलं, दादांचं मी बघते.

इथवर सगळं ठीक होतं. पण तेहतीस वर्षं भूमिती शिकवलेल्या बाईला उतरती दांडी बघवेना. नवा जॉइंट घालायचाच आहे तर तो त्या लोखंडी हाताच्या खाली का लटकवायचा? वर बसव, उतार आपोआप निम्मा होईल. कासव म्हणाला, वर घेतला की दांडी स्प्रिंगच्या पाट्यांजवळ येते. मी आत जाऊन आलेख कागद आणला, गाडीखाली पट्टी घालून मापं घेतली, कंपासने वळणाची कक्षा काढली आणि पाऊण इंच जागा उरते हे सिद्ध करून खाली दोन रेघा ओढल्या. त्याने कागद बराच वेळ पाहिला (कासवच तो) आणि म्हणाला, "बाई, कागदावर चाक वर-खाली होत नाही."

या वाक्याला आज मी पैकीच्या पैकी गुण देईन. त्या दिवशी शेजारचे दातांचे डॉक्टर त्यांची गाडी त्याच्याकडे द्यायला आले होते आणि फाटकाशी उभे राहून ऐकत होते. त्यांच्यादेखत मी म्हटलं, "दहावीला भूमितीत तुला किती पडले होते, सांगू का यांना?"

पंचेचाळिशीचा माणूस रे, कानशिलं पांढरी झालेला. तो "नको बाई" म्हणाला आणि त्याने ड्रिल उचललं.

काम त्याने देखणं केलं. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरायला लागलं, आणि पाण्याच्या टाकीपर्यंत दोनदा जाऊन येईतो मी स्वतःची एवढी पाठ थोपटून घेतली की खांदा दुखायला लागला. मग गुरुवारी लाँड्रीच्या कोपऱ्यावर डावीकडे वळले. तिथे गतिरोधक आहे. चाक वर आलं, दांडी पाट्यांना जाऊन टेकली आणि स्टिअरिंग अर्ध्यातच अडलं. गाडी जिकडे बघत होती तिकडे गेली. ती लाँड्रीकडे बघत होती. (वेग बैलगाडीचा होता. कोणाला खरचटलंही नाही, काउंटरचा एक पाय तेवढा गेला.) मी कोणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्याची बाही आरशावरून सोडवत खाली उतरले, तर समोर लाँड्रीवाला, डॉक्टर आणि निम्मी गल्ली. आणि मी, जिने आयुष्यभर मुलांना खोटं बोलल्याबद्दल शंभर ओळी लिहायला लावल्या, तीच मी म्हणाले, "त्या कासवाने भोक चुकीचं पाडलंय."

तो लाँड्रीवाल्याच्या मागेच उभा होता, पाना हातात घेऊन धावत आलेला. आता हा सांगेल, असं मला वाटलं. त्याने काही सांगितलं नाही. गाडी मागे घेतली, माझ्या अंगणात आणून लावली, किल्ली तळहातावर ठेवली आणि गेला. ओरडला असता तर मी त्याला गप्प करू शकले असते. न बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला कोणी शिकवलं नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी आपली गाडी दुसरीकडे नेली. लाँड्रीवाला इस्त्री करता करता येणाऱ्या-जाणाऱ्याला भोकाची गोष्ट सांगतो. तीन आठवडे कासवाच्या शेडमध्ये एका स्कूटरशिवाय काही दिसलेलं नाही, तीही त्याचीच. तुझी गाडी उजवीकडे पुरती वळते, डावीकडे मात्र खड्डा आला की अर्धीच. कोणाला कळू नये म्हणून मी पहिला आठवडा नुसती उजवीकडेच वळत होते. बँक फाटकातून डावीकडे, म्हणून आधी उजवीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा उजवीकडे. बाई, काही हरवलंय का, असं पोस्टमनने विचारलं तेव्हा गाडी लावून टाकली. झोप बरी लागत नाही. तब्येत जप. लेकीला आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण

ता. क. : आता मुद्द्याचं. डॉक्टरांना तू एक पत्र लिही, की जॉइंट वर बसवण्याची कल्पना तुझी होती. तू दूर आहेस, शिवाय आजारी. आजारी माणसाला कोणी बोल लावत नाही. कासवाचं नाव स्वच्छ होईल आणि माझंही मळणार नाही. मजकूर मीच लिहून सोबत जोडला आहे, फक्त सही कर.

ता. क. २ : सही करू नकोस. तो मजकूर फाडलाय. पत्र टाकायला निघाले होते, वाटेत लाँड्री लागली आणि डॉक्टर तिथेच कपडे घ्यायला उभे होते. आकृती माझी होती, त्याने बजावलं होतं, मी त्याचं तोंड बंद केलं, असं तिघांत ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. डॉक्टर चष्मा पुसत राहिले. लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाला, "हे आम्हाला काय सांगताय बाई, त्याला सांगा."

ता. क. ३ : सांगितलं. चार वाक्यं पाठ करून गेले होते, ती उलटसुलट म्हणून टाकली. त्याने हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, भोक सरळच आहे, बोल्ट काढून जॉइंट पुन्हा खाली घेतला की झालं, अर्ध्या तासाचं काम. मग तीन आठवडे बोलला का नाहीस, असं विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत." उद्या दहाला येतोय. अट एकच घातली आहे, की काम संपेपर्यंत बाईंनी घराबाहेर यायचं नाही. मी हो म्हटलं. खिडकीतून पाहिलेलं चालेल का, हे विचारायचं धाडस झालं नाही.