गड्ड्यापासून गड्ड्यापर्यंत

सोलापूर,
गड्ड्याची जत्रा उठल्यानंतरचा मंगळवार

प्रिय भुवनेश्वरी,

फोनवर तू रोज विचारतेस, अव्वा जेवलीस का, गोळी घेतलीस का. मी हो म्हणते आणि तेवढ्यात तुला वॉर्डातून हाक येते. मोठं काही सांगायला फोन पुरत नाही. म्हणून आज पूजा आटोपून लिहायलाच बसले. सातवीची शाळा सुटल्यापासून एवढं कधी लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराकडं बघू नकोस. बातमी अशी, की दानेश्वरीच्या गटाची वर्षाची पैज तुझ्या सासूनं पुरी केली.

सोमवारी संध्याकाळी मी दानेश्वरीकडं जाते, एवढंच तुला ठाऊक आहे. भजनाला जात असेन असं तुला वाटत असणार. आता नीट सांगते. तिच्या माडीवर ज्या बायका शाळेचे गणवेश शिवतात, त्यांचा हा गट. एका संक्रांतीच्या गड्ड्यापासून पुढच्या गड्ड्यापर्यंत दर सोमवारी प्रत्येकीनं आपल्या नावावर काही तरी जमा करायचं. थोडं चालेल, पण सोमवार चुकला की ती बाई त्या वर्षापुरती बाद. पैसा स्वतःच्या कष्टाचाच पाहिजे, नवऱ्याचा नको, लेकाचा नको. आणि वर्षाच्या शेवटी तो कशावर खर्च करणार ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. तेही स्वतःसाठीच. पोरांची फी, घराचं पत्रं, दिराचं लग्न, असलं काही चालत नाही.

मागच्या गड्ड्याच्या वेळी दानेश्वरी मला ओढूनच घेऊन गेली. तू कोल्हापूरला रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते. कुमार गेल्यावर घरात आपण दोघीच उरलो होतो, एक त्याची आई आणि एक त्याची बायको. तीन वर्षं तू मला हाताला धरून चालवलंस. तू गेल्यावर मी दारात बसून राहायची. मी दानेश्वरीला म्हटलं, माझी सून दर महिन्याला पाठवते, त्यातलं टाकते. तिनं सरळ मान हलवली. म्हणाली, "ते तिच्या कष्टाचं आहे, गुरम्मा. तुझं कुठं आहे?"

लई लागलं मला ते. घरी येऊन विचार केला, माझं असं काय आहे? बाजार आधी तुझ्या मामंजींनी केला, मग कुमारनं, मग तू. नवी पेठेत मी कधी एकटी गेले नव्हते. शिवण डोळ्यांना जमत नाही. मग खलबत्त्याकडं लक्ष गेलं. दुसऱ्या दिवशी शेंगदाणे भाजले, लसूण-तिखट घालून तेल सुटेपर्यंत चटणी कुटली आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी माडीवर नेली. बायकांनी बोटं चाटली. पहिला सोमवार त्याच चटणीवर निघाला.

उन्हाळ्यात शाळा सुटल्या, माडीवरच्या बायका कमी झाल्या, चटणी उरायला लागली. तेव्हा पिशवीत डबा घातला, रिक्षात बसले आणि नवी पेठेत गेले. एकटी. एका दुकानदारानं डबा न उघडताच सांगितलं की मशीनची चटणी त्याला स्वस्त पडते. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याला मी बोलूच दिलं नाही. त्याच्याच काउंटरवरची कडक भाकरी मोडली, वर चटणी ठेवली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं तो तुकडा संपवला. मग त्यानंच विचारलं, आठवड्याला किती चटणी द्याल? येताना रिक्षात मी एकटीच हसत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

श्रावणात मात्र घात झाला. मोरीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हे तुला सांगितलं नाही, कारण तू रजा टाकून धावत आली असतीस. दानेश्वरीनं दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं, आणि त्या सोमवारी मला वाटलं, संपलं आपलं. गटातल्या केराबाईला तू ओळखतेस, सांगोल्याकडची, काज-बटण करते ती. ती घरी येऊन म्हणाली, "तुमी नुसतं बसून सांगा, मी कुटती की." मी डाव्या हातानं शेंगदाणे भाजले, मीठ-तिखट मापून दिलं, ती कुटत राहिली. तिची मजुरी मी पहिल्या दिवसापासून दिली. पण सोमवारी माडीवर वाद निघाला. दोघीतिघी म्हणाल्या, कुटलं केराबाईनं, मग हा पैसा गुरम्माच्या कष्टाचा कसा? दानेश्वरी म्हणाली, "कामाला माणूस लावून त्याची मजुरी देते म्हणजे ती मालकीण झाली. मालकिणीचे पैसे घ्या."

भुवना, ह्या वयात मला कुणी मालकीण म्हटलं. घरी येऊन कुमारच्या फोटोला ते सांगितलं.

प्लास्टर निघालं तरी केराबाई अजून येते, कारण आता दुकानं वाढलीत. बँकेत मी स्वतः जाते. रात्री मागच्या घरातली गुरम्मा, म्हणजे माझ्याच नावाची शिंपीण, सोबतीला झोपायला येते. गोळ्या वेळेवर घेते. आणि पुढच्या महिन्यापासून तू पैसे पाठवू नकोस. रागावून लिहीत नाही. मला लागत नाहीत म्हणून लिहिते.

काल गटाची वर्षाची बैठक झाली. एकेक बाई उठून सांगत होती. केराबाई नथ घेणार आहे, दानेश्वरी पहिल्यांदा विमानात बसणार आहे. माझी पाळी आली. मी उठून म्हणाले, मला इरकल साडी घ्यायची आहे, हिरवी, सुनेसाठी. सगळ्या ओरडल्या, हे चालत नाही, स्वतःसाठी सांगा. मी म्हणाले, "मला मुलगी नाही. मुलीची पाठवणी करायची हौस माझी स्वतःची आहे." दानेश्वरीनं डोळ्याला पदर लावला आणि पुढच्या बाईचं नाव घेतलं.

आता तुला कळलं असेल. दिवाळीनंतर तुझी आई अक्कलकोटहून माझ्याकडं येऊन गेली. नागम्मा किती तरी वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग रडायलाच लागली. तुझ्या दवाखान्यातल्या सिद्धूनं तुला दोनदा लग्नाचं विचारलं, माणूस चांगला आहे, तुलाही तो आवडतो, आणि दोन्ही वेळा तू एकच उत्तर दिलंस, अव्वाला कोण बघेल? ते ऐकल्यापासून मी ह्या सोमवारची वाट बघत होते. नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर तुला पटलं नसतं. म्हणून आधी वर्ष पुरं केलं आणि मग लिहायला बसले. अव्वाला अव्वा बघते आहे, बाळा. कुमार तुझा होता आणि माझाही राहील, त्याला सांभाळायला मी आहे. तू सिद्धूला हो म्हण. विधवेनं मांडवात पुढं बसावं की नाही, हे गल्लीला विचारायला मी जाणार नाही; नागम्माच्या शेजारी मी बसणार आहे. साडी आज दुपारी घेऊन ह्या पत्रासोबतच पाठवते. काठ मी स्वतः आधीच निवडून ठेवलेत. आणि येत्या रविवारी त्याला घेऊन जेवायला ये, त्याला तिखट कितपत चालतं तेवढं आधी कळव.

तुझी सासू होते, आता तुझीच आई,
अव्वा