नाव सांगायचं नाही, विचारायचं

दि. १२ मार्च

प्रिय बडबडे,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट फाडू नकोस. आधी हसून घे, मग काय ते ठरव. मी मजेत आहे. गुडघे कुरकुरतात, वॉर्ड माझ्याच ताब्यात आहे आणि पोरी माझ्यामागे मला अजूनही 'तोफ'च म्हणतात.

परवा सकाळी गोळ्यांचा ट्रे घेऊन सात नंबरच्या आजोबांपाशी गेले. नाव घेऊन विचारलं, "तुम्हीच ना?" "हो हो," आजोबा म्हणाले. गोळी हातावर ठेवणार, तोच महिन्यापूर्वी लागलेली सिस्टर म्हणाली, "मॅडम, थांबा. त्यांना ऐकू येत नाही, ते सगळ्यालाच हो म्हणतात. नाव सांगू नका, विचारा."

तिने कानाशी जाऊन विचारलं, तर आजोबांनी भलतंच नाव सांगितलं. ते आठ नंबरचे. खिडकी हवी म्हणून शेजाऱ्याशी पलंग बदलून बसले होते. माझ्या हातातली गोळी रक्त पातळ करायची, आणि त्यांचं दुपारी ऑपरेशन होतं.

सगळ्या पोरींना वाटलं, आता तोफ उडणार. मी तिला "शाब्बास" म्हटलं आणि वॉर्डच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, 'चूक होता होता राहिली. माझी.' तेवढ्यात आजोबा म्हणाले, "हो हो." हसून हसून आमची मुरकुंडी वळली. तेव्हापासून पोरी न घाबरता आपापल्या चुका लिहितात. वही भरत चाललीय आणि मला त्याचा कोण आनंद झालाय.

तूही गोळी देताना नाव, औषध, सगळं मोठ्याने बोलायचीस. मीच ओरडले होते, "तोंड बंद ठेवून काम कर." तू गप्प झालीस आणि आठवड्याच्या आत चुकीची गोळी गेली. पेशंट वाचला, ठपका तुझ्यावर आला, तू नोकरी सोडलीस. तो ट्रे मी लावला होता गं. मला माहीत होतं, आणि मी मान खाली घालून उभी राहिले.

काल हे सगळं मेट्रनना लेखी दिलं. त्यांनी विचारलंय, नव्या पोरींना मोठ्याने बोलायला शिकवायला तू येशील का?

ये. मी दारातच असेन. "तूच ना?" म्हणणार नाही. नाव विचारीन, आणि तू बोलेपर्यंत थांबेन.

त्या दिवशीचा ट्रे लावणारी,
तुझी तोफ