सावर यंदा लवकर फुलली

दिंडोरी, ११ मार्च

प्रिय हर्षाली,

फोनवर मला दोन वाक्यांच्या पुढं बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे. नोकरीत असताना मी फक्त रजेचे अर्ज लिहिले, त्यामुळे पत्र कसं जमेल माहीत नाही.

इकडं ठीक आहे. भात-आमटी मी करतो, भाकरी शेजारच्या वाळूच्या घरून येते. त्याची द्राक्षं तोडायला आली आहेत. परवा भोरड्या आल्या. दरवर्षीसारखाच पाखरांचा मोठा थवा आणि तसाच कलकलाट. बांधावरच्या सावरीवर उतरल्या, पण झाडावर एक फूल नव्हतं, नुसती बोंडं. थोडा वेळ या फांदीवरून त्या फांदीवर केलं आणि मग सगळ्या वाळूच्या बागेत शिरल्या. वाळू डबा बडवत धावत आला. नंतर डबा खाली ठेवून बांधावर बसला आणि म्हणाला, "अण्णा, वहिनींचे पाव्हणे उपाशी आले हो." दरवर्षी तो त्यांना हाकलायचा आणि तुझी आई ओट्यावरून ओरडायची, "वाळूभाऊ, चार मणी खाल्ले तर तुमची बाग रिकामी होत नाही!" मग तो म्हणायचा, "वहिनी, फुलं तुमची, द्राक्षं माझी, एवढं पाव्हण्यांना समजावून सांगा." यंदा त्यानं एकही फटाका लावला नाही.

तुझ्या लग्नानंतर आईनं तुला सांगितलं होतं, दिवाळी सासरी कर, माझ्याकडं सावरीला ये. घरात गर्दी नसते, फुलं असतात, पाखरं असतात. तेव्हापासून नऊ वर्षं फेब्रुवारी संपता संपता मी तुला फोन करायचो, "सावर फुलली." तू म्हणायचीस, "निघते." आठ दिवस तुम्ही दोघी चहा घेऊन ओट्यावर बसायचात आणि भोरड्या मोजायचात. दोघींचा आकडा कधी जुळला नाही.

यंदा थंडी पडलीच नाही. डिसेंबरात दुपारी पंखा लावावा लागत होता. त्याच महिन्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आईचं खरं काय ते सांगितलं. तुला मी त्यातलं निम्मंच कळवलं. तिचाच तसा हट्ट होता. म्हणाली, पोरीला घाबरवू नका, सावरीला येईलच ना ती.

आणि सावर संक्रांतीच्या आधीच फुलली. तू आलीस तेव्हा सगळं गळून गेलं होतं आणि झाडाकडं बघायची तुझी मनःस्थिती नव्हती, म्हणून तुला ते कळलं नाही. झाड लालभडक झालं होतं. आईची खाट खिडकीशी होती. सकाळी तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, "अहो, फुलली. हर्षालीला फोन करा."

मी फोन केला नाही.

मला वाटलं, ही फुलं अवेळी आली आहेत, खरा बहर पुढं येईल. भोरड्यांचा पत्ता नव्हता. तुला रजा मिळते आठ दिवसांची. ती आत्ता संपली तर पाखरं येतील तेव्हा तू नसशील आणि आई हळहळेल. सातपूरला कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. मापाच्या गेजमध्ये बसला नाही तो भाग बाजूला ठेवायचा, ही सवय. फुलं आणि पाखरं एकत्र आल्याशिवाय सावर फुलली असं मी धरलंच नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीत होतं, तरी मी झाडाकडं बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "केला का फोन?" मी हो म्हणालो. नंतर ती रोज विचारायची, निघाली का. मी म्हणायचो, रजेचं चाललंय, तिकीट मिळेल. फुलं खाली पडत होती, ती पडून बघत होती. एकदा म्हणाली, "कामात असेल. आपण घाई करायला नको." चार फेब्रुवारीला ती गेली. भोरड्या यायला अजून महिना होता.

दहाव्याला तू म्हणालीस, "आईनं मला एकदाही बोलावलं नाही, अण्णा. मी फोनची वाट बघत होते." मी तांब्या उचलून बाहेर गेलो. पाणी कुणालाच नको होतं. परवा पाखरं रिकाम्या झाडावर बसलेली बघितली आणि वाटलं, आता तरी सांगितलं पाहिजे. आईनं तुला बोलावलं होतं, हर्षाली. पहिल्याच दिवशी आणि नंतर रोज. निरोप माझ्याकडं अडकला. तुझं काही चुकलं नाही आणि तिचंही नाही. तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर मी समजेन. फुललेल्या दिवशीच तिनं माझ्याकडून तुझ्या उशीचा अभ्रा धुऊन घेतला होता. त्यात भरायला दरवर्षी ती या सावरीचाच कापूस वेचायची. बोंडं आता तडकायला लागली आहेत. मी रोज सकाळी वेचतो आहे. उशी भरून ठेवतो. यापुढं झाड बघून मी तुला फोन करणार नाही. तुला वाटेल त्या दिवशी ये.

तुझाच,
अण्णा