तहान लागती का अजून?

सोमवार, ४ मार्च
आज रुजू झाले! प्रयोगशाळा जामखेडच्या पुढे, अगदी उघड्या माळावर आहे. सकाळी फाट्यावर एसटीतून उतरले तर इथल्या प्रमुख सुनीती मॅडम स्वतः गाडी घेऊन उभ्या. कोपरगावच्या कॉलेजात तीन वर्षं त्यांनीच मला सूक्ष्मदर्शकात बघायला शिकवलं. बाबा गेल्यावर मी शिक्षण सोडणार होते, तेव्हा घरी येऊन आईला समजावलं तेही त्यांनीच. आई शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवते. आज निघताना ती एवढंच म्हणाली, की मॅडम आहेत म्हणून मला घोर नाही.

इथे एका बुरशीवर काम चालतं. ती या माळाच्या मातीत सापडली. ती मुळांना लावली की ज्वारीची रोपं पाण्याविना चाळीस दिवस हिरवी राहतात! दुपारी मॅडमनी माझ्या दंडावर लस टोचली. बुरशीची धूळ बाधू नये म्हणून इथे सगळ्यांनाच देतात, असं म्हणाल्या. माझी खोली मागच्या इमारतीत आहे. खिडकीतून फाटक दिसतं.

शनिवार, ९ मार्च
माझं टेबल लागलं. आधी तिथे ओंकार नावाचा संशोधक बसायचा. तो नोकरी सोडून बंगळूरला गेला, असं मॅडमनी सांगितलं. त्याच्या चष्म्याचे नंबर लिहिलेली चिठ्ठी खणात राहिलीय.
झाडलोट करणाऱ्या रंगुबाईंशी ओळख झाली. बाई गप्पिष्ट, पण डबा मात्र बाहेर बाभळीखाली बसून खातात. इथल्या नळाचं पाणीसुद्धा पीत नाहीत.

शुक्रवार, २२ मार्च
ऊन चाळीसच्या वर गेलंय आणि मी दमतच नाही. दिवसभर काम करते. मॅडम सारख्या कौतुक करतात, रोज माझं वजन लिहून घेतात. आज फरशी पुसता पुसता रंगुबाई थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, तहान लागती का तुमाला अजून?"
मी हसले. मग आठवायला लागले.
माझी बाटली मंगळवारपासून भरलेलीच आहे.

शनिवार, ६ एप्रिल
ग्लासभर पाणी जबरदस्तीनं प्यायले. लगेच उलटी. पाण्यात पांढरे, केसांसारखे धागे होते. बोट कापलं तर रक्त आलं नाही. मॅडमना दाखवलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, लसीचा परिणाम आहे, उतरेल म्हणाल्या. बरं वाटलं. त्यांचा हात किती वेळ माझ्या हातावर होता.
रंगुबाई आजपासून कामाला नाहीत.

गुरुवार, ११ एप्रिल
काचपट्ट्या शोधताना मॅडमच्या कपाटात वही सापडली. त्यांचं अक्षर मी कुठेही ओळखीन.
"नमुना ७. स्त्री, वय २४. प्रकृती उत्तम. घरी फक्त आई. माझ्यावर पूर्ण विश्वास, शंका घेणार नाही."
तारीख १२ जानेवारी. या नोकरीसाठी मला त्यांचा फोन आला तो फेब्रुवारीत.
लस नव्हती ती. बुरशीच होती.
वरच्या ओळीत नमुना ६. ओंकार.

मी वही त्यांच्यासमोर टाकली. वाटलं, रागावतील, नाकारतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "निकिता, पाण्याविना माणूस जगतोय. तू जगतेस. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर मी एवढा भरवसा टाकला नसता."
भरवसा म्हणाल्या. मला.

शुक्रवार, १२ एप्रिल
मोबाईल जागेवर नाही. भर दुपारी फाट्यापर्यंत चालत गेले. गुडघे वाकेनात. एसटी समोरून गेली. हात वर करायचा होता, झाला नाही. मॅडमनी गाडीत घालून परत आणलं. वाटेत माझ्या तोंडावरची धूळ पुसली, त्यांच्याच रुमालानं.

गुरुवार, १८ एप्रिल
शेजारच्या खोलीत हलवलंय. इथे फरशी नाही, माती आहे. खिडकी फाटकाच्या अगदी जवळ, तिथलं बोलणं बंद काचेतूनही ऐकू येतं. कोपऱ्यात ओंकार आहे. बंगळूरला गेलेला ओंकार. जिवंत आहे. पाय घोट्यापर्यंत जमिनीत — पुरलेले नाहीत. गेलेत. आत.
आवाज वाळल्या पाल्यासारखा. पाय मातीला लावू नकोस, म्हणाला.
मी सकाळपासून अनवाणी आहे.

रविवार, २१ एप्रिल
डावा पाय निघत नाही. दुखत नाही, हेच —
ओंकार आता बोलत नाही. मॅडम येतात, वजनाऐवजी उंची मोजतात.

मंगळवार, २३ एप्रिल
आई आलीय.
फाटकाशी उभी आहे, हातात डबा. मॅडम तिला सांगताहेत, निकिताला प्रशिक्षणासाठी परदेशी पाठवलंय, तिकडे फोन लागत नाही.
आई रडतेय, आनंदानं. "मॅडम, तुमच्या पदरात टाकली पोर, तिचं सोनं झालं. मला काय बी घोर न्हाई."
वाकली. पाया पडतेय त्यांच्या. त्यांच्या —
हाक मारतेय मी. तोंड उघडतं. आवाज नाही, नुसती धूळ.
खिडकीची काच वीतभर लांब. हात अजून चालतो. ही वही फेकली तर काचेवर —
आई वळली. जातेय. आई थांब, मी इथे